गिझर खालून ठिबकतोय, बादली लावून भागेल का?

आळशी मांजर:
काल रात्री साडेदहाला बाथरूममधून टप्... टप्... ऐकू यायला लागलं. नळ आवळला, शॉवर बघितला, दोन्ही कोरडे. मान वर केली तर गिझरच्या बुडाला जे काळं प्लॅस्टिकचं झाकण असतं, त्याच्या कडेला एक थेंब लोंबत होता. पडला. लगेच दुसरा तयार. झोप उडालीच होती म्हणून घड्याळ लावून मोजले, मिनिटाला १४. खाली मग ठेवला, तो सकाळी एक तृतीयांश भरला होता. पाणी किंचित तांबूस, तळाशी गंजाचे दोनचार कण.

गिझर उभा, विजेवरचा, २५ लिटरचा, वय वर्षे नऊ. पाणी तापतंय, दिवा लागतोय, तापलं की आपोआप बंदही होतोय. म्हणजे बाकी तब्येत ठणठणीत. नवरा म्हणतो टाकी कुजली, नवीनच आणू. मी म्हणते एखादा वायसर गेला असेल. सासूबाई म्हणतात बादली लावा आणि मला आंघोळ करू द्या. आज सकाळी त्यांचंच ऐकलं, तिघांच्याही आंघोळी झाल्या.

मेकॅनिक परवा येणार आहे. तोवर असाच वापरला तर चालेल ना? आणि तो "टाकी गेली" म्हणाला तर खरं की खोटं हे मला कसं कळायचं?

जाता जाता: दोन दिवस झाले, सासूबाई म्हणतायत की गरम पाण्याचा नळ धरला की बोटांना मुंग्या येतात. पण त्यांची मुंग्यांची तक्रार जुनीच आहे, त्यामुळे ते सोडून द्या.

उगाच एक:
आमच्याकडे दीड वर्ष बादली होती. पाणी वाया जात नाही, झाडांना घालतो. गिझर अजून चालू आहे. तुम्ही उगाच टेन्शन घेताय.

जुना वायरमन:
ताई, जे सोडून द्या म्हणालात तेच मी आधी धरतो. हे वाचून झालं की लगेच उठा आणि गिझरचा एमसीबी खाली करा. बाथरूमबाहेरचा स्विच नव्हे, बोर्डातला एमसीबी. हात कोरडे, पायात कोरडी चप्पल. तोपर्यंत घरात कुणी त्या बाथरूमच्या कुठल्याच नळाला हात लावायचा नाही. सासूबाईंना आधी सांगा.

आता कारण. उभ्या गिझरचं सगळं विजेचं काम बुडाला असतं. कॉइलची टोकं, थर्मोस्टॅट, दिव्याच्या वायरी, अर्थिंगचा स्क्रू, सगळं त्या काळ्या झाकणाच्या आत. तुम्हाला झाकणाच्या कडेला थेंब दिसतोय, म्हणजे तो आधी या सगळ्या संसारावरून ओघळून मग बाहेर आलाय. बादलीने फरशी कोरडी राहते, वायरी नाही. आणि नळाला मुंग्या म्हणजे गिझरच्या अंगात करंट उतरलाय आणि त्याला अर्थिंगची वाट सापडत नाही. मग तो पाण्यातून, पाइपातून आणि सासूबाईंच्या बोटांतून वाट काढतो. आज मुंग्या येतात. उद्या अंग भिजलेलं, पाय ओल्या फरशीवर, हात नळावर, अशा वेळी झटका बसला तर हात सोडवता येत नाही.

स्विच का नको म्हणालो? बरेचसे स्विच फक्त एकच वायर तोडतात. वायरिंग करणाऱ्याने घाईत फेजऐवजी, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीऐवजी, न्यूट्रल स्विचमधून घेतली असेल तर दिवा विझतो पण गिझरमध्ये फेज उभीच राहते. असं मी एकदा नाही, कैकदा पाहिलंय. प्लग ओला असेल तर उपटायला जाऊ नका, एमसीबी पाडल्यावर बघू. टेस्टर घेऊन नळ तपासत बसू नका. टेस्टर लागला नाही म्हणजे करंट नाही, असं कधीच समजायचं नाही.

एमसीबी पाडला की त्यावर चिकटपट्टी लावा आणि "गिझर, हात लावू नये" असं लिहा. घरात कुणीतरी एक शहाणा असतोच, जो "अरे, हा खाली कसा काय?" म्हणत वर करतो.

हे झालं की दोन गोष्टी सांगा. थेंब पाणी तापतानाच पडतो की रात्रभर पडतो? आणि गिझरच्या थंड पाण्याच्या पाइपावर पितळेचा एक छोटा व्हॉल्व्ह असेल, त्याला बाजूला करंगळीएवढी चोच असते. ती चोच उघडी आहे का?

आळशी मांजर:
काका, उठले. बोर्डावर "गिझर" लिहिलेला एमसीबी पाडला तर बेडरूमचा पंखा बंद झाला. "किचन" लिहिलेला पाडला तेव्हा गिझरचा दिवा विझला. नऊ वर्षं आम्ही या अक्षरांवर विश्वास ठेवून होतो. शेवटी खात्रीसाठी मेन खाली केला, मग मोबाइलच्या उजेडात चिठ्ठ्या नव्याने चिकटवल्या. सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी सांगत होते तेव्हा तुम्हाला माझं वय दिसत होतं." गप्प बसले.

पाणी बंद करायला गिझरखालचा कॉक फिरवायला गेले तर हलेना. नऊ वर्षांत कुणी त्याला हात लावला नसावा. जोर लावला तेव्हा मागचा पाइपच पिळायला लागला, म्हणून सोडून दिला आणि छतालगतचा बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. पुढे काय?

आणि चोचीचं उत्तर द्यायला लाज वाटतेय. त्यासाठी थोडा वेळ द्या.

नळदुरुस्ती:
कॉक सोडलात ते फार चांगलं केलंत. जाम झालेला कॉक पिळला की तो नाही, भिंतीतलं नळकांडं तुटतं, आणि मग थेंब नाही, कारंजं. मुख्य व्हॉल्व्ह बंद आहे ना, तेवढं पुरे.

आता गरम पाण्याचा नळ हळूच उघडा. हात धारेखाली नको, तोंड बाजूला. भस्सकन थोडं पाणी येईल आणि थांबेल. आतला दाब निघून जातो, ठिबकणंही मंदावतं. पण टाकी रिकामी झाली असं समजू नका. गरम पाणी टाकीच्या डोक्यावरून उचललं जातं, खालून गार पाणी ढकलेल तेव्हाच ते वर सरकतं. गार पाणी बंद म्हणजे आतलं जागच्या जागी. तुमच्या डोक्यावर अजूनही २५ किलो पाणी लटकलंय, वर गिझरचं स्वतःचं वजन. ठिबकून ठिबकून भिंत ओली झाली असेल तर खिळेबोल्टही सैल होतात. एकदा बाजूने बघून घ्या, गिझर भिंतीपासून सुटून पुढे झुकलाय का, बोल्टाभोवती गिलावा फुगलाय का. झुकला असेल तर त्याच्याखाली कुणी उभं राहायचं नाही, स्टूल घेऊन तर मुळीच नाही.

टाकी आज रिकामी करायला जाऊ नका. आतलं पाणी ६०-७० अंशांचं असतं आणि जाड फोमच्या आवरणामुळे कित्येक तास तसंच राहतं. ६० अंशांचं पाणी पाचएक सेकंदांत खोलवर भाजतं, म्हाताऱ्या माणसांची आणि मुलांची कातडी त्याहून लवकर. मेकॅनिक गार झाल्यावर खालचा पाइप सोडून काढेल.

झाकणही उघडू नका. आत काय आहे ते काकांनी सांगितलंच.

आळशी मांजर:
नळ उघडला. भस्स झालं, थांबलं. भिंत ठीक दिसतेय, बोल्ट जागेवर. थेंब आता मिनिटाला दोनतीन.

काका, तुमचा पहिला प्रश्न: रात्रभर पडतो. पण तापताना जोरात, गार असताना हळू.

आता चोच. सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे पाण्याला प्रेशर पंप बसवला. त्यानंतर आंघोळीला गेलं की त्या चोचीतून बरोब्बर मानेवर थेंब पडायचे. उकळते नव्हेत, पण चांगले चटका देणारे. मी एक काडेपेटीची काडी घेतली, तिला प्लंबर लोक लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली, चोचीत ठोकली आणि वरून आणखी टेप. थेंब बंद. घरभर कौतुक करून घेतलं स्वतःचं. आत्ता बॅटरी मारून बघितलं, काडी अजून तिथेच आहे.

ही गळती मीच लावली का?

जुना वायरमन:
बहुधा हो. पण तुम्ही एकट्या नाही. लोक तिथे स्क्रू ठोकतात, लांबी भरतात, एकाने तर चक्क पेन्सिल घातलेली पाहिली.

पाणी तापलं की फुगतं. २० अंशांपासून ७० अंशांपर्यंत साधारण दोन टक्के. २५ लिटरचे दोन टक्के म्हणजे अर्धा लिटर. हा अर्धा लिटर जाणार कुठे? नळ बंद आहे. मागे थंड पाण्याच्या पाइपात जाऊ शकला असता, पण त्या पितळी व्हॉल्व्हमध्ये एक झडप असते, ती पाणी आत येऊ देते, उलटं जाऊ देत नाही. पाणी दाबलं जात नाही, म्हणून टाकीतला दाब चढायला लागतो. ठरावीक दाबाला ती चोच उघडते आणि जास्तीचं पाणी थेंब थेंब बाहेर टाकते. तुमच्या मानेवर पडत होतं ते गळती नव्हतं, गिझर श्वास सोडत होता. पंप बसल्यावर मुळातला दाबच वाढला, म्हणून थेंबही वाढले. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब येतो. पंप त्यात आपली भर घालतो.

तुम्ही नाक दाबलंत, मग त्याने तोंड उघडलं. टाकीच्या बुडाला जिथून कॉइल आत जाते तिथे एक गोल पत्रा बोल्टांनी आवळलेला असतो, मध्ये रबराचं गॅस्केट. नऊ वर्षांच्या उष्णतेने ते आधीच कडक झालेलं. रोज दोनतीनदा दाब चढणार, उतरणार. ते एका ठिकाणी चिरलं असणार. तांबूस पाणी टाकीचं असेलच असं नाही, भिजलेले बोल्टही गंज सोडतात.

आणि हे गॅस्केट गळलं म्हणून थोडक्यात निभावलं, असंही म्हणतो. चोच बंद, आणि त्यातच थर्मोस्टॅट चिकटून बसला असता तर पाणी शंभराच्या पुढे तापत गेलं असतं. दाबाखाली ते उकळत नाही. टाकी फाटली की एका क्षणात वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरच्या वर जागा मागते. आत दुसरा एक कटआउट असतो अशा वेळेसाठी, पण मी कुठल्याही एकाच्या भरवशावर राहत नाही. कधी नळातून वाफ फुसफुसली, गिझर गुरगुरला किंवा चोचीतून उकळतं पाणी उडायला लागलं, तर एमसीबी पाडायचा आणि बाथरूमबाहेर निघायचं. कुठलाही कॉक फिरवायला आत जायचं नाही.

काडी आता स्वतः काढू नका. व्हॉल्व्हच नवा टाका, तो किरकोळ भाग आहे. आणि चोचीला बारीक नळी जोडून ती उताराने फरशीच्या जाळीपर्यंत न्या, खालचं टोक उघडं. मान वाचेल.

उगाच एक:
मी तो दीड वर्षवाला. माझी बादली गिझरच्या खालीच आहे. आमच्याकडे पावसाळ्यात घरातली वीज सारखी जायची, एक जण येऊन आरसीसीबी म्हणून बोर्डात जो करंट गळला की वीज तोडणारा स्विच असतो, त्याच्या वायरी थेट जोडून गेला. तेव्हापासून काही त्रास नाही. आता वाचून पोटात गोळा आलाय.

जुना वायरमन:
येऊ द्या गोळा. तो आरसीसीबी ओरडून सांगत होता की कुठेतरी करंट गळतोय, आणि तुम्ही त्याचाच गळा दाबलात. दीड वर्ष बादली, वर सुरक्षा काढून टाकलेली. आत्ता एमसीबी पाडा, मग वाचा पुढचं. आज आंघोळ चुलीवरच्या पाण्याने.

आळशी मांजर:
काका, आमच्याकडे आरसीसीबी आहे आणि जोडलेलाही आहे. मग सासूबाईंना मुंग्या येत असताना तो पडला का नाही?

जुना वायरमन:
चांगला प्रश्न. घरातला आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरचा असतो. माणसाला एखाद्या मिलिअँपिअरलाच मुंग्या जाणवतात. मधल्या पट्ट्यात तुम्हाला कळतं, त्याला कळत नाही. अर्थिंग धड असतं तर गळणारा करंट तिकडून गेला असता आणि आरसीसीबी कधीच पडला असता. तो पडला नाही आणि मुंग्या आल्या, म्हणून मला अर्थिंगचाच संशय आहे. मेकॅनिकला पहिलं तेच बघायला सांगा, गॅस्केट नंतर. शिवाय नुसत्या गिझरचं नको, सॉकेटच्या मोठ्या भोकातलं अर्थिंगही मीटर लावून तपासून घ्या.

खिडकीजवळची:
मध्येच विचारते, आमचा गॅसवरचा आहे. तोही खालून ठिबकतो. त्यात वीज नाही म्हणजे चिंता नाही ना?

नळदुरुस्ती:
चिंता वेगळी आहे. सिलिंडरचा कॉक बंद करा, मग पाण्याचा. आतल्या तांब्याच्या नळीतून गळणारं पाणी बर्नरवर पडतं, ज्योत पिवळी होते, काजळी धरते, आणि अर्धवट जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद बाथरूममध्ये माणूस आधी गरगरतो, मग पडतो, हाक मारायचंही सुचत नाही. दुरुस्त होईपर्यंत लावूच नका.

मांजरताई, टाकी गेली की नाही हे ओळखायचं राहिलं. मेकॅनिकला पाणी काढून झाकण उघडायला सांगा आणि बाजूला उभ्या राहा. पाइपांचे जोड, व्हॉल्व्ह, गॅस्केट, यांपैकी काही गळत असेल तर ते बदलतं. प्रत्येक जोड कोरडा पुसायचा आणि कागदी रुमाल टेकवायचा, पहिला ओला होतो तो चोर. पण गोल पत्रा कोरडा आहे आणि पाणी टाकी आणि बाहेरच्या पत्र्यामधल्या फोममधून पाझरतंय, तर टाकीला भोक पडलंय. मग वेल्डिंगच्या नादी लागू नका, आतला काचेचा लेप जळतो आणि शेजारी दुसरं भोक पडतं. फोम स्पंजासारखं पाणी धरतं, त्यामुळे भोक एकीकडे आणि थेंब भलतीकडे, हेही होतं. म्हणून नुसतं बाहेरून बघून "टाकी गेली" म्हणणाऱ्यावर विश्वास नको.

आणि आतली मॅग्नेशियमची कांडी बघायला सांगा. ती टाकीच्या ऐवजी स्वतः गंजून घेते. क्षाराच्या पाण्यात लवकर संपते. ती संपली की गंज टाकीकडे वळतो.

आळशी मांजर:
परवाचा मेकॅनिक आज सकाळीच आला. मी स्टुलापासून दोन हात लांब, पण नजर हटवली नाही.

झाकण निघालं. आत वायरींच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर, टूथपेस्ट वाळल्यासारखा. हिरव्या वायरीच्या टोकाची कडी गंजून तुटलेली, वायर नुसतीच स्क्रूच्या शेजारी टेकून बसलेली. तो म्हणाला, "हात लावला असता तर निघाली असती." नंतर हात लावला, निघाली. सॉकेटचं अर्थिंग मीटरवर ठीक आलं, तेवढं तरी नशीब.

मग पाणी काढलं. गॅस्केट हातात दिलं मला: एका बाजूला मऊ, दुसऱ्या बाजूला पापडासारखं, आणि तिथेच नखाएवढी चीर. सहाही बोल्ट नारिंगी. कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर पांढऱ्या दगडाचं कवच, खाली लाल तांबं दिसेना. एका ठिकाणी नळी तडकलेली होती, करंट तिथूनच पाण्यात उतरत होता म्हणे. म्हणजे गळती मी लावली, मुंग्या नाही लावल्या. तेवढाच दिलासा. मॅग्नेशियमच्या कांडीची नुसती तार उरली होती, मध्ये मध्ये गाठी. टाकी मात्र शाबूत. बॅटरी मारून आत दाखवली त्याने, निळसर लेप, चरे नाहीत. नवऱ्यालाही बोलावून दाखवली, मुद्दाम.

कॉइल, गॅस्केट, कांडी, व्हॉल्व्ह, अर्थिंगची कडी, जाम कॉक, सगळं नवं. व्हॉल्व्ह सोडताना काडी बाहेर आली. त्याने ती बोटात धरून विचारलं, "हे कुणी केलं?" मी खिडकीबाहेर बघितलं.

आधी टाकी भरली, गरम नळातून हवेची फुरफुर थांबून सलग धार येईपर्यंत. रिकाम्या टाकीत कॉइल चालू केली तर काही मिनिटांत जळते, हे त्यानेच सांगितलं. मग एमसीबी वर. वीसेक मिनिटांनी नव्या नळीतून पहिला थेंब जाळीवर पडला. मी उभीच होते. बुडाचं झाकण कोरडं.

जुना वायरमन:
झकास. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलंत का? महिन्यातून एकदा दाबायचं असतं. दाबून तो पडला नाही तर तो शोभेचा आहे.

आळशी मांजर:
दाबलं. पडला. घर अंधारात, नवऱ्याची कॉम्प्युटरवरची मीटिंग अर्ध्यात गेली. सासूबाईंनी गरम नळ धरला, पाच बोटांनी, पूर्ण अर्धा मिनिट. मुंग्या नाहीत म्हणाल्या. मग म्हणाल्या की पाणी अजून पुरेसं तापलेलं नाही.

उगाच एक:
माझा मेकॅनिक उद्या सकाळी. बादली धुऊन ठेवली. आज चुलीवरच्या पाण्याने आंघोळ केली काका, बघा.